कृष्णद्रव्य खरंच आहे, की गुरुत्वाकर्षणाचा नियमच अपुरा आहे?

प्रश्न फोंड्याच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचा आहे. थोडक्यात असा: 'कृष्णद्रव्याचे, म्हणजे जे दिसत नाही पण ज्याची ओढ जाणवते अशा द्रव्याचे, कण इतकी वर्षं शोधूनही सापडत नाहीत. बारावीची मुलं विचारतात, हे प्रकाशलहरींचं माध्यम म्हणून कल्पिलेल्या जुन्या ईथरसारखंच नाही का? त्यापेक्षा गुरुत्वाकर्षणाचा नियम का बदलू नये? आणि विश्वाचं प्रसरण वाढवणाऱ्या कृष्णऊर्जेचं काय? मुलांना मी नेमकं काय सांगू?'

बाई, तुमच्या मुलांनी बोट अगदी दुखऱ्या जागी ठेवलं आहे. पाठ्यपुस्तकातलं एक वाक्य वाचून दाखवून हा प्रश्न मिटणार नाही, मिटवूही नये. माझी सगळी नोकरी जहाजावरच्या ग्रॅव्हीमीटरसोबत, म्हणजे गुरुत्वाची ओढ मोजणाऱ्या उपकरणासोबत गेली. दोनापावलच्या किनाऱ्यावर बसून नकाशे काढायचे, मग महिनोन् महिने अरबी समुद्रात फिरून पृथ्वीच्या ओढीतले बारीक फरक टिपायचे आणि त्यावरून समुद्रतळाखाली काय दडलं आहे ते ठरवायचं, हे आमचं काम. म्हणून कृष्णद्रव्याचा वाद मला कधीच परका वाटला नाही. उपकरण वस्तुमान दाखवत नाही, ते फक्त ओढ दाखवतं. त्या ओढीवरून वस्तुमान आपण काढतो, आणि काढताना एक नियम खरा धरतो. हिशेब जुळला नाही तर दोन शक्यता उरतात: तिथे न दिसणारं काहीतरी आहे, किंवा धरलेला नियम तिथे चालत नाही.

गोवा-कोकणाच्या पश्चिमेला खोल समुद्रात लक्ष्मी रिज नावाची बुडालेली डोंगररांग आहे. डोंगर म्हणजे जास्तीचा खडक, तेव्हा तिच्यावरून जाताना ओढ वाढायला हवी. प्रत्यक्षात ती कमी भरते. नैनी आणि तलवानी यांनी १९८२ मध्ये याचा अर्थ लावला तो असा, की या रांगेखाली समुद्री कवच नसून जाड आणि हलकं खंडीय कवच आहे, म्हणजे हा भारतापासून तुटलेला एक तुकडा आहे. पुढे इतरांनी वेगळे अर्थही लावले. केवळ गुरुत्वाच्या नोंदी घेऊन बसलात तर हा वाद कधीच सुटणार नाही, कारण उथळ थरातला हलका खडक आणि खोलवर गेलेलं जाड कवच समुद्राच्या पृष्ठभागावर अगदी सारखी नोंद देऊ शकतात. तिथे भूकंपलहरींची साक्ष लागते, चुंबकीय नोंदींची लागते. एकाच जातीच्या मोजणीतून दोन अज्ञातं सुटत नाहीत. दीर्घिकांच्या बाबतीतही नेमकं हेच आहे, आणि वाद घालणारे दोन्ही बाजूंनी हेच विसरतात.

ही निवड आपल्या देशात एकदा प्रत्यक्ष करावी लागली होती, आणि वर्गात सांगण्यासारखी ती गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकातल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात उत्तरेकडचं कलियाना आणि मध्य भारतातलं कल्याणपूर या दोन ठाण्यांच्या अक्षांशांमधलं अंतर दोन रीतींनी काढलं: एकदा जमिनीवर त्रिकोणांची साखळी मोजून, एकदा ताऱ्यांच्या वेधांवरून. दोन्हींत ५.२३६ विकलांचा फरक आला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). कलकत्त्याचे आर्चडीकन (चर्चमधले अधिकारी) प्रॅट यांनी हिशेब केला, की हिमालय ओळंब्याला आपल्याकडे खेचतो म्हणून फरक पडायलाच हवा. पण त्या डोंगराच्या आकारमानाप्रमाणे तो १५.८८५ विकला हवा. म्हणजे हिमालय जेवढं ओढायला हवं त्याच्या एक तृतीयांशच ओढत होता! न्यूटनचा नियम हिमालयापाशी बदलतो, असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. १८५५ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एअरीने सुचवलं, की डोंगराखाली हलक्या खडकाची खोल मुळं असली पाहिजेत. ती मुळं कुणी पाहिली नव्हती. पुढच्या शतकात भूकंपलहरींनी ती दाखवली.

उलट बाजूचं उदाहरण बुधाचं, ते तुम्ही शिकवतच असाल. युरेनसच्या चुकार चालीवरून ल व्हेरिएने न दिसणारा ग्रह भाकीत केला आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. त्याच ल व्हेरिएने बुधाच्या कक्षेतल्या तफावतीसाठीही न दिसणारा ग्रह मांडला, त्याला 'व्हल्कन' नावही मिळालं, पण तो कधीच सापडला नाही. शतकाला ४३ विकलांची ती तफावत १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या नियमाने सुटली. तेव्हा मुलांचा 'नियम का बदलू नये' हा प्रश्न उद्धट नाही. विज्ञानाने तसं एकदा केलेलं आहे.

आता दीर्घिकांकडे या. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा समूहातल्या दीर्घिकांचे वेग पाहिले आणि दिसणाऱ्या वस्तुमानाने हा समूह बांधलेला राहूच शकत नाही, असं लिहिलं. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतले वेग मोजले. पुढे रेडिओ दुर्बिणींनी हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लहरी पकडून ताऱ्यांच्या चकतीपलीकडच्या विरळ वायूचेही वेग काढले. आपल्या शेजारी नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण हे काम करू शकते. सूर्यमालेत दूर जावं तशी ओढ घटते आणि वेगही: पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटरने फिरते आणि दूरचा नेपच्यून साडेपाचहून कमी. दीर्घिकांत मात्र बाहेर कितीही गेलं तरी वेग घसरत नाही, तो सपाट राहतो, जणू न दिसणारं आणखी वस्तुमान ओढत आहे.

मोर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये मांडलं, की हे न दिसणारं वस्तुमान शोधू नका, नियम बदला. त्यांच्या कल्पनेला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'मॉन्ड' म्हणतात. गुरुत्वीय त्वरण एका ठरावीक मूल्याच्या खाली गेलं, की ओढ अंतराच्या वर्गाप्रमाणे न घटता फक्त अंतराच्या प्रमाणात घटू लागते, एवढंच त्यात गृहीत आहे. ते मूल्य सुमारे १.२ गुणिले १० चा उणे १० वा घात मीटर प्रति सेकंद वर्ग. हे किती लहान आहे ते मला माझ्या कामातून कळतं. जहाजावरची चांगली मोजणी एका मिलिगॅलपर्यंत (हे त्वरण मोजायचं आमचं एकक) बिनचूक असते, आणि एक मिलिगॅल हा मिलग्रोमच्या त्वरणाच्या ऐंशी हजार पटींहून जास्त आहे. सूर्य आकाशगंगेभोवती फिरताना जे त्वरण अनुभवतो ते मात्र या मूल्याच्या पावणेदोन पटींच्या आसपास आहे. म्हणजे आपण त्या सीमेजवळच राहतो.

या कल्पनेकडे कुणी हसून पाहू नये, असं मला मनापासून वाटतं. तिने आधी सांगितलं आणि मग ते खरं ठरलं, असं बरंच आहे. तिच्यावरून निघतं, की दीर्घिकेच्या सपाट वेगाचा चौथा घात तिच्यातल्या तारे आणि वायू यांच्या एकूण वस्तुमानाच्या सम प्रमाणात असतो. हे नातं लहान-मोठ्या दीर्घिकांत थक्क करणाऱ्या काटेकोरपणे पाळलं जातं. २०१६ मध्ये मॅकगॉ, लेली आणि शॉम्बर्ट यांनी १५३ दीर्घिका घेतल्या आणि प्रत्येक ठिकाणी दिसणाऱ्या द्रव्यावरून काढलेलं त्वरण आणि प्रत्यक्ष वेगावरून आलेलं त्वरण एकमेकांसमोर मांडलं. सगळे बिंदू एका वक्राभोवती दाटले. कृष्णद्रव्य जर स्वतंत्र पदार्थ असेल, प्रत्येक दीर्घिकेचा इतिहास वेगळा असेल, टकरी वेगळ्या असतील, तर दिसणाऱ्या द्रव्याला न दिसणाऱ्याचा इतका नेमका पत्ता कसा? कृष्णद्रव्य मानणारे या नात्याचं स्पष्टीकरण संगणकावरच्या दीर्घिका घडवून देतात आणि ते बऱ्याच अंशी जमतं, पण मला ते अजून ओढूनताणून बसवल्यासारखं वाटतं. शिवाय मिलग्रोमचं ते त्वरण प्रकाशाचा वेग गुणिले विश्वप्रसरणाचा दर, भागिले २π, याच्या अगदी जवळ येतं. हा योगायोग असू शकेल. पण असा योगायोग दिसल्यावर स्वस्थ झोप लागू नये.

मग मी मॉन्डच्या बाजूला का नाही? वेगळ्या जातीचे साक्षीदार बोलावले, की ते दुसरीकडे बोट दाखवतात म्हणून.

पहिला साक्षीदार प्रकाशाचं वळणं. बुलेट क्लस्टर नावाच्या जागी दोन दीर्घिकासमूह एकमेकांतून आरपार गेले आहेत. अशा समूहांत दिसणाऱ्या वस्तुमानाचा मोठा भाग ताऱ्यांत नसून तापलेल्या वायूत असतो. टकरीत तो वायू अडकून मागे राहिला, अवकाशातल्या चंद्रा दुर्बिणीला तो क्षकिरणांत दिसतो. दीर्घिका मात्र पुढे निघून गेल्या. नियम बदलायचा असेल तर जास्तीची ओढ वायूपाशी दिसायला हवी, कारण वस्तुमान तिथे आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नकाशात मागच्या दीर्घिकांच्या प्रतिमा कशा वाकल्या आहेत हे पाहून ओढ कुठे आहे ते काढलं, तर ती दीर्घिकांसोबत पुढे गेलेली निघाली. लक्ष्मी रिजला भूकंपलहरींची साक्ष काढतात तशीच ही साक्ष आहे. शिवाय मॉन्डचा नियम समूहांना लावला तरी हिशेब पुरा होत नाही, जवळपास दिसतं तेवढंच आणखी न दिसणारं वस्तुमान लागतंच. न दिसणारं द्रव्य टाळण्यासाठी नियम बदलायचा आणि तरी ते द्रव्य मानायचं, यात मिळवलं काय?

दुसरा साक्षीदार सर्वांत भक्कम, आणि मुलांना त्याचा अर्धा भाग फळ्यावर करून दाखवता येतो. विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचं असताना सुटलेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात चहूबाजूंनी येतो. त्याच्या तापमानातले चढउतार लाखात एक एवढेच आहेत. त्या काळापासून विश्व सुमारे ११०० पट पसरलं. साध्या गुरुत्वाकर्षणाने घनतेतला फरक फार तर प्रसरणाच्या प्रमाणात वाढतो. लाखात एकाला ११०० ने गुणा: टक्क्याच्या आसपास येतं. एवढ्या फरकातून दीर्घिका, तारे, सह्याद्री आणि आपण घडूच शकत नाही. प्रकाशाचा दाब ज्याला जाणवत नाही असं काहीतरी त्याआधीच गोळा होऊ लागलं असेल, तरच वेळ पुरतो. गुरुत्वाकर्षण जोरदार करून ही वाढ भराभर करता येते हे खरं, पण मग त्या काळातल्या ध्वनिलहरींचे ठसे आजच्या दीर्घिकांच्या मांडणीत फार ठळक उमटायला हवेत. ते फिके आहेत.

त्याच प्रारणात चढउतारांची शिखरं आहेत. उकळत्या आदिवायूत ध्वनिलहरी चालू होत्या, दाबल्या जाणं आणि उसळणं. कृष्णद्रव्य त्या उसळीत भाग घेत नाही, पण त्याच्या ओढीमुळे दाबाच्या बाजूची शिखरं उचलली जातात. १९९९ मध्ये मॅकगॉ यांनी कृष्णद्रव्याशिवाय दुसरं शिखर बुटकं असेल असं सांगितलं होतं, आणि पुढच्याच वर्षीच्या मोजणीत ते बुटकं निघालं, ही नोंद प्रामाणिकपणे द्यायला हवी. पण तिसरं शिखर मोजल्यावर ते मात्र बुटकं निघालं नाही. ते दुसऱ्याच्या तोडीचं भरलं. प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या निष्कर्षांत आजच्या विश्वात सामान्य द्रव्य ५ टक्क्यांच्या आसपास, कृष्णद्रव्य २६ ते २७ आणि कृष्णऊर्जा सुमारे ६८ टक्के येते. तुमच्या मुलांच्या ईथरच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ईथरने जे भाकीत केलं होतं ते १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ले यांच्या प्रयोगात फसलं. कृष्णद्रव्याने दीर्घिकांच्या वेगाशी काहीही संबंध नसलेल्या जागी भाकीत केलं आणि ते खरं उतरलं.

मॉन्डचे जाणकार इथे थांबलेले नाहीत. बेकेनस्टाइन यांनी २००४ मध्ये सापेक्षतेशी जुळणारं रूप दिलं, ते तेव्हेस. डिसेंबर २०११ मध्ये आपल्या गोव्यातच गुरुत्वाकर्षण आणि विश्वशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, तेव्हा गुरुत्वलहरी, म्हणजे गुरुत्वाकर्षणातले प्रवास करणारे तरंग, अजून कुणी थेट पकडल्या नव्हत्या आणि पर्यायी सिद्धांतांना मोकळं रान होतं. १७ ऑगस्ट २०१७ ने ते रान बरंच साफ केलं. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत दोन न्यूट्रॉन तारे धडकले. गुरुत्वलहर आली आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. १३ कोटी वर्षांच्या प्रवासात दोन सेकंदांचाही फरक नाही! प्रकाशाचा आणि गुरुत्वाकर्षणाचा वेग सुमारे १० चा १५ वा घात भागांत एका भागापर्यंत सारखा ठरला. तेव्हेसचं मूळ रूप आणि कृष्णऊर्जेच्या जागी आणलेले कित्येक सिद्धांत त्या एका दिवसात बाद झाले. २०२१ मध्ये स्कोर्डिस आणि झ्लोश्निक यांनी मांडलेलं नवं रूप मात्र ही अटही पाळतं आणि सूक्ष्मलहरींची शिखरंही जुळवतं. त्यासाठी त्यांना जी जास्तीची क्षेत्रं घालावी लागली, ती सुरुवातीच्या विश्वात जवळजवळ धुळीसारख्या कृष्णद्रव्याप्रमाणेच वागतात. माझ्या मते हे बोलकं आहे. नियमाच्या बाजूने निघालात तरी विश्वाच्या पातळीवर पोचल्यावर न दिसणाऱ्या द्रव्यासारखं काहीतरी लिहावंच लागतं.

आपल्या घराजवळही एक कसोटी चालू आहे. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सुमारे ७००० खगोलीय एककांपलीकडे (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) त्याची ओढ मिलग्रोमच्या त्वरणाखाली जाते. म्हणून एकमेकांपासून फार दूर असलेले जोडतारे पाहायचे. ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या त्याच नोंदी घेऊन २०२३ मध्ये दक्षिण कोरियाच्या क्यू-ह्युन चे यांनी मॉन्डच्या बाजूचा निष्कर्ष काढला, तर बनिक आणि सहकाऱ्यांनी न्यूटनच्या बाजूचा. या दुसऱ्या गटात मॉन्डवर वर्षानुवर्षं काम केलेले संशोधक होते. वाद कशावर अडला आहे? जोडीत लपलेला तिसरा तारा किती ठिकाणी असेल, या अंदाजावर.

आमच्या कामात अशा नजरेतून सुटलेल्या कारणाला आम्ही फार घाबरतो. गोव्याच्या अक्षांशावर जहाज दहा नॉट वेगाने पूर्वेकडे चाललं, तर नुसत्या त्या चालीने ग्रॅव्हीमीटर सुमारे ७३ मिलिगॅल कमी दाखवतो. पश्चिमेकडे वळलं की जवळपास तेवढंच जास्त. ही दुरुस्ती धरली नाही तर समुद्रतळाखाली अख्खा डोंगर 'सापडतो'. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या खाणींतल्या मोजणीत गुरुत्व स्थिरांक एक टक्क्याच्या आसपास जास्त आला, ज्ञात चार बलांपलीकडच्या पाचव्या बलाची चर्चा जगभर झाली, आणि भोवतालच्या भूभागाचा हिशेब नीट धरल्यावर ती तफावत विरली. सूर्यमालेबाहेर निघालेल्या पायोनियर यानांच्या मंदावण्यातही १९९८ मध्ये एक न सुटणारं त्वरण जाहीर झालं, मिलग्रोमच्या मूल्याच्या सातपटींच्या आसपास. कित्येकांनी त्यावर नवे नियम बांधले. २०१२ मध्ये ते यानातल्या उष्णतेच्या असमान प्रारणाने दिलेल्या रेट्याचं निघालं. नवा नियम मांडण्याआधी कंटाळवाणी कारणं एकेक करून संपवावी लागतात, आणि त्याला वर्षं लागतात.

आता 'कण सापडत नाहीत' हा मुद्दा. आपल्या भागात कृष्णद्रव्याची घनता किती आहे ते ताऱ्यांच्या चालीवरून निघतं. तिने पृथ्वीच्या आकारमानाला गुणलं तर अख्ख्या पृथ्वीएवढ्या जागेत कुठल्याही क्षणी अर्धा ते पाऊण किलो कृष्णद्रव्य येतं. एवढंच! माझ्या ग्रॅव्हीमीटरला ते कधी दिसणार नव्हतं, यात नवल नाही. ते पकडण्यासाठी अमेरिकेतल्या साउथ डकोटात जमिनीखाली दीड किलोमीटरवर दहा टन द्रवरूप झेनॉन ठेवलं आहे. इटलीतही तसंच उपकरण आहे. झारखंडमधल्या जादुगुडाच्या खाणीत ५५५ मीटर खोलीवर आपली प्रयोगशाळा आहे. अजून खात्रीची खूण मिळालेली नाही. पण या प्रयोगांनी बाद केले ते ठरावीक वजनाचे आणि ठरावीक ताकदीने टक्कर देणारे कण. ॲक्सिऑनसारखे त्याहून अब्जावधी पट हलके कण वेगळ्या उपकरणांनी शोधावे लागतात. न्यूट्रिनो हा क्वचितच टक्कर देणारा कण पाउली यांनी १९३० मध्ये कल्पिला आणि तो १९५६ मध्ये पकडला गेला, तोही अणुभट्टीतून त्यांचा पूर येत असताना. तरीही मुलांना मी हे लपवणार नाही: कृष्णद्रव्याने किती ओढ लावावी हे कळतं, ते कशाचं बनलं आहे ते कळलेलं नाही, आणि एखादा कण कधीच टक्कर देत नसेल तर तो प्रयोगशाळेत कधीच मिळणार नाही.

कृष्णऊर्जेचं प्रकरण वेगळं आहे आणि दोन्हींना एकाच श्वासात बोलणं हीच मोठी गफलत. कृष्णद्रव्य गोळा होतं, ओढतं, एका जागी जास्त तर दुसऱ्या जागी कमी असतं. कृष्णऊर्जा सगळीकडे सारखी आणि तिचा परिणाम प्रसरण वाढवण्याचा. पृथ्वीएवढ्या जागेत तिचा वाटा वस्तुमानात बदलून सांगायचा तर सुमारे सहा मिलिग्रॅम. विश्वाच्या अफाट रिकाम्या जागेमुळेच तिचा एकूण हिस्सा मोठा होतो. १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांचा, म्हणजे स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांचा, प्रकाश अपेक्षेहून मंद आढळला, त्यावरून ती पुढे आली. रीस, श्मिट आणि पर्लमटर यांना २०११ चं नोबेल त्यासाठी मिळालं. इथे 'न दिसणारा पदार्थ' आणि 'बदललेला नियम' यातला फरक पुसट होतो. आइन्स्टाइनने १९१७ मध्ये समीकरणात घातलेला स्थिरांक डाव्या बाजूला लिहिला तर तो गुरुत्वाकर्षणाच्या नियमाचा भाग, उजव्या बाजूला नेला तर निर्वाताची ऊर्जा. निर्वाताची ऊर्जा पुंजभौतिकीतून साध्या रीतीने काढायला गेलं तर मोजलेल्या मूल्याच्या १० चा १२० वा घात इतक्या पट येते. हे आपल्या समजुतीतलं खरं भगदाड आहे आणि इथे नियम बदलण्याच्या प्रयत्नांना मला कृष्णद्रव्यापेक्षा जास्त जागा दिसते. मार्च २०२५ मध्ये डेसी प्रकल्पाने दीर्घिकांचं अंतर मोजून सुचवलं, की कृष्णऊर्जा काळाप्रमाणे बदलत असावी. कोणते अतिनवतारे सोबत घेतले यावर त्या खुणेची ताकद २.८ ते ४.२ सिग्मा येते (सिग्मा जितके जास्त, तितकी ती योगायोग असण्याची शक्यता कमी). शोध म्हणायला पाच लागतात. इथेही मी आधी अंतरमोजणीतल्या कंटाळवाण्या कारणांकडे पाहीन.

मराठी वाचकांसमोर हा विषय काढला की जयंत नारळीकरांची आठवण येणारच. कोल्हापूरला जन्मलेल्या या माणसाने १९६४ मध्ये फ्रेड हॉइल यांच्यासोबत गुरुत्वाकर्षणाचा स्वतंत्र सिद्धांत मांडला, पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली आणि २०२५ मध्ये जाईपर्यंत महास्फोटाला प्रश्न विचारत राहिले. अतिनवतारे मंद दिसतात ते दोन दीर्घिकांमधल्या जागेत तरंगणाऱ्या धातूच्या सूक्ष्म तंतूंमुळे, कृष्णऊर्जेमुळे नव्हे, असं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडलं. मला तो खुलासा पटत नाही. सूक्ष्मलहरींच्या शिखरांपुढे तो टिकत नाही. पण काय खोटं ठरलं तर सिद्धांत पडेल, हे नारळीकर नेहमी स्पष्ट लिहीत. मूळचे गोव्याचे दामोदर कोसंबी यांनी १९३० च्या दशकात मार्ग-अवकाशांवर काम केलं, म्हणजे वस्तूंचे मार्ग दिलेले असताना त्यामागे कोणती भूमिती आहे असा उलटा प्रश्न गणितात मांडला. तुमची मुलं विचारत आहेत तो प्रश्न त्याच कुळातला आहे, हे त्यांना जरूर सांगा.

माझं मत विचारलंत तर: कृष्णद्रव्य आहे, असं मी मानतो. दीर्घिकांतलं मिलग्रोमचं नातंही खरं आहे, आणि कृष्णद्रव्याचा जो सिद्धांत ते सहजपणे देणार नाही तो अपुरा आहे. कृष्णऊर्जा हे मोजलेल्या परिणामाला दिलेलं नाव आहे, यापलीकडे आज ठामपणे म्हणता येत नाही.

वर्गासाठी एक तासाचं काम सुचवतो. सप्तर्षींच्या दिशेला एनजीसी ३१९८ नावाची दीर्घिका आहे. तिचा वेग केंद्रापासून ३० किलोपार्सेकपर्यंत (एक किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं) सेकंदाला सुमारे १५० किलोमीटरवर सपाट राहतो. मुलांना आधी न्यूटनच्या नियमाने लागणारं वस्तुमान काढू द्या: वेगाचा वर्ग गुणिले अंतर, भागिले गुरुत्व स्थिरांक. उत्तर सूर्याच्या सुमारे १६,००० कोटी पट येईल. तारे आणि वायू मिळून दिसणारं वस्तुमान ३,००० कोटींच्या थोडं वर आहे. मग मिलग्रोमच्या रीतीने काढू द्या: वेगाचा चौथा घात, भागिले गुरुत्व स्थिरांक आणि त्याचं त्वरण यांचा गुणाकार. उत्तर ३,२०० कोटींच्या आसपास येईल. दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी लिहून ठेवा आणि दुसऱ्या तासाला बुलेट क्लस्टरचा नकाशा दाखवा. स्पार्क या नोंदसंग्रहात १७५ दीर्घिकांचे आकडे सगळ्यांसाठी खुले आहेत. निवडताना डीडीओ १५४ सारखी एखादी लहान, वायूनेच भरलेली दीर्घिका जरूर घ्या. तिचा वेग सेकंदाला ४७ किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे ताऱ्यांच्या वस्तुमानाचा अंदाज चुकण्याची भीती फारशी नसते, म्हणून मुलांना आलेल्या उत्तरावर जास्त विसंबता येईल.